तिकीटखिडकी आणि घरचा पडदा

बेंगळुरूचा केम्पेगौडा रस्ता हा कित्येक दशके कन्नड चित्रपटसृष्टीचा राजमार्ग समजला जात असे. रेल्वे स्थानकावरून शहरात शिरणाऱ्या पाहुण्याला प्रथम दर्शन घडे ते चित्रपटगृहांच्या रांगेचे. दर्शनी भागावर नायकाची दोन-तीन मजली उंच रंगीत प्रतिमा, तिच्या गळ्यात खराखुरा फुलांचा हार, खाली तिकिटाच्या खिडकीपाशी लोटलेली गर्दी आणि खिडकी बंद झाली की लटकणारी ‘हाऊसफुल्ल’ची पाटी, असा तो देखावा असे. रस्त्याला लागून असलेल्या गांधीनगरात निर्मात्यांच्या आणि वितरकांच्या कचेऱ्या होत्या. इतक्या, की ‘गांधीनगर’ हा शब्दच कन्नड भाषेत चित्रपटधंद्याला पर्याय म्हणून रूढ झाला. बेंगळुरूचे महाराष्ट्र मंडळही याच गांधीनगरात आहे. त्यामुळे तेथील मराठी माणसाला ही वस्ती परकी नाही.

या भागाचे रूप आता पालटले आहे. १९६८ साली उघडलेले कपाली हे प्रचंड चित्रपटगृह जमीनदोस्त झाले. महात्मा गांधी रस्त्यावरील प्लाझा त्याच्याही आधी गेले. ब्रिगेड रस्त्यावरील रेक्सने २०१८ च्या अखेरीस आपली दारे मिटली. १९७४ मध्ये सुरू झालेल्या कावेरीने पन्नाशी गाठली आणि २०२४ मध्ये तेही बंद झाले. या सर्वांचा बळी एकट्या इंटरनेटने घेतला असे म्हणणे अन्यायाचे होईल. जमिनीचे चढते भाव, मॉलमधील बहुपडदा चित्रपटगृहे, घरोघर पोहोचलेल्या उपग्रहवाहिन्या ही कारणे आधीपासून आपले काम करीतच होती. ओटीटी या तीन अक्षरांनी ओळखली जाणारी नवी व्यवस्था आली आणि कललेल्या भिंतीला आणखी एक धक्का बसला, एवढेच फार तर म्हणता येईल. परंतु भिंत पडली एवढ्याने हा विषय संपत नाही. चित्रपटगृहाला पडदा असतो, तशी तिकिटाची खिडकीही असते. ती खिडकी मिटली म्हणजे नेमके काय मिटते, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. कन्नड भाषेत प्रदर्शित झालेला पहिला बोलपट म्हणजे ‘सती सुलोचना’. तो ३ मार्च १९३४ रोजी बेंगळुरूच्या पॅरामाउंट चित्रपटगृहात झळकला. दिग्दर्शक वाय. व्ही. राव, प्रमुख भूमिकांत सुब्बय्या नायडू आणि आर. नागेंद्रराव. भांडवल घातले होते बेंगळुरूत व्यापार करणाऱ्या चमनलाल डुंगाजी यांनी, आणि चित्रण झाले ते कोल्हापुरात, छत्रपती स्टुडिओमध्ये. कारण बोलपटाला लागणारी साधने त्या काळी बेंगळुरूत नव्हती आणि कोल्हापुरात होती. कन्नड वाणी पडद्यावर प्रथम उमटली ती अशी पंचगंगेच्या काठी, ही गोष्ट दोन्ही भाषांच्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो दिसत कसा होता, त्यातील गाणी पडद्यावर कशी रंगली, हे सांगायला आता कोणी उरले नाही. मात्र तो बेंगळुरूत सहा आठवडे चालला, हे नव्वद वर्षे उलटल्यावरही सांगता येते. चित्र नाहीसे झाले, त्याचा हिशेब मागे राहिला. कारण तिकिटे विकली जात होती ती चव्हाट्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत.

जुन्या चित्रपटधंद्याची घडी निर्माता, वितरक आणि प्रदर्शक या तिघांवर बसलेली होती. निर्माता कर्ज काढून चित्र पुरे करी. वितरक आगाऊ रक्कम मोजून एखाद्या मुलखाचे हक्क घेई. प्रदर्शक आपले गृह टक्केवारीने देई, किंवा कर्नाटकात अनेक ठिकाणी चालत आले त्याप्रमाणे आठवड्याच्या भाड्याने देई. रोज रात्री खेळागणिक विकलेल्या तिकिटांचा तक्ता तयार होई, आणि करमणूक कर त्याच तक्त्यावरून ठरत असल्यामुळे सरकारचीही नजर त्याच्यावर असे. या व्यवहारात लबाडी नव्हती असे मुळीच नाही. एकच तिकीट दोनदा विकले जाई, भरलेल्या खुर्च्या रिकाम्या दाखवल्या जात. म्हणून वितरक आपला माणूस दाराशी बसवून डोकी मोजून घेई. तथापि त्या लबाडीलाही एक मर्यादा होती, कारण गर्दी लपवता येत नसे. जत्रेतल्या तंबूत चालणाऱ्या टॉकीजपासून केम्पेगौडा रस्त्यावरच्या हजार खुर्च्यांच्या गृहापर्यंत हा एकच नियम लागू होता. शंभर दिवस, रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव हे शब्द म्हणजे यशाचे सार्वजनिक माप होते. त्या मापाच्या जोरावर नट आपली बिदागी वाढवून मागे, लेखकाला पुढचे काम मिळे आणि नव्या निर्मात्याला सावकार दारात उभे करी.

दूरचित्रवाणी आली आणि या व्यवहारात पहिला मोठा बदल झाला. १९८६ साली दूरदर्शनवर आलेली ‘मालगुडी डेज’ ही मालिका श्रोत्यांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. आर. के. नारायण यांच्या कथा, कर्नाटकातील आगुंबे गावात वसवलेले मालगुडी आणि दिग्दर्शक शंकर नाग. हे शंकर नाग मराठी नाट्यसृष्टीत वावरलेले. ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा वाटा होता. या मालिकेला तिकीट नव्हते, म्हणून खिडकीही नव्हती. पुढे १९९४ मध्ये उदय ही कन्नड उपग्रहवाहिनी आली, तिच्या मागोमाग इतर आल्या, आणि पैसा देणारा बदलला. आता पैसा जाहिरातदार देऊ लागला. किती लोक पाहतात हे कळल्याशिवाय तो देईना, म्हणून निवडक घरांत यंत्रे बसवून साऱ्या देशाच्या आवडीचा अंदाज बांधण्याची रीत पडली. आज बार्क ही संस्था पन्नास हजारांहून अधिक घरांतील यंत्रांच्या आधारे हे काम करते. शितावरून भाताची परीक्षा करण्याचाच हा प्रकार, आणि शीत नीट निवडले की नाही याबद्दल वाद होतच असतात. पण वाद घालता येतो, कारण आकडा ठाऊक असतो.

आता नव्या व्यवस्थेकडे वळू. स्ट्रीमिंग या शब्दाचा अर्थ प्रवाह. घरी बसून पाहिला जाणारा चित्रपट प्रेक्षकाकडे एकदम येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या उंची व साध्या दर्जाच्या अनेक प्रती निरनिराळ्या शहरांतील साठवणयंत्रांत ठेवलेल्या असतात. प्रेक्षकाच्या जोडणीचा वेग पाहून त्याचे यंत्र एकामागून एक तुकडा मागवीत जाते. जोडणी मंदावली की चित्र किंचित धूसर होते, पण थांबत नाही. याचे रहस्य हेच. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक तुकडा मागवला जातो, त्या अर्थी प्रत्येक मागणीची नोंद होऊ शकते. कोणी चित्रपट कोठे सुरू केला, कोणत्या मिनिटाला सोडला, कोणते दृश्य फिरून पाहिले, हे सारे मोजणे या यंत्रणेला सहज साधते.

भारतात ही यंत्रणा अल्पावधीत रुजली. हॉटस्टार २०१५ मध्ये सुरू झाले. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये आणि अ‍ॅमेझॉनचे प्राइम व्हिडिओ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आले. या दोहोंच्या मध्ये, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले. लोकांच्या खिशातच पडदा आला. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषक क्रिकेटचा अंतिम सामना एकाच क्षणी हॉटस्टारवर पाहणाऱ्यांची संख्या ५ कोटी ९० लाखांपर्यंत पोहोचली होती. इतक्या मागण्या एकाच वेळी पुरवणे हे स्थापत्याइतकेच अवघड काम आहे, आणि अशा कामांत गढलेले हजारो अभियंते ज्या शहरात राहतात ते शहर बेंगळुरू आहे. एकाच गावात चित्रपटाचा जुना बाजार आणि त्याला मागे सारणाऱ्या यंत्रविद्येचा नवा कारखाना नांदत आहेत, आणि त्यांची परस्परांशी ओळख मात्र बेताचीच आहे.

या बदलाने जे दिले ते आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २०२० साली महामारीमुळे चित्रपटगृहांना कुलपे लागली, तेव्हा पुनीत राजकुमार यांच्या संस्थेचे ‘लॉ’ आणि ‘फ्रेंच बिर्याणी’ हे कन्नड चित्रपट जुलै महिन्यात एका आठवड्याच्या अंतराने थेट प्राइम व्हिडिओवर आले. गृहे बंद असताना प्रेक्षकाकडे जाण्याची ती एकमेव वाट होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रदर्शित झालेला ‘दिया’ चित्रपटगृहांत फारसा टिकला नव्हता. ओटीटीवर आल्यावर मात्र तो कर्नाटकाबाहेरही आवडीने पाहिला गेला आणि २०२३ मध्ये ‘सरी’ या नावाने मराठीत आला. ज्या चित्राला खिडकीने नाकारले त्याला घरच्या पडद्याने दुसरा जन्म दिला, याचे हे उत्तम उदाहरण होय. गुडघेदुखीने घराबाहेर न पडणारी आजी, रात्रपाळीचा कामगार, ज्या तालुक्यात एकही चित्रपटगृह उरले नाही तेथील विद्यार्थी, या सर्वांना आज जे मिळते ते जुन्या व्यवस्थेने कधीच दिले नव्हते.

परप्रांतातील भाषिकांना तर या सोयीचे मोल विशेष कळते. शहाजीराजांना १६३८ साली बेंगळुरूची जहागीर मिळाली, तेव्हापासून तेथे मराठी घरे आहेत. पूर्वी त्यांना मराठी चित्रपट पाहायचा तर एखाद्या संस्थेने रविवारी सकाळचा खेळ ठरवावा आणि त्यांनी त्याची वाट पाहावी, अशी स्थिती असे. आता व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळवलेला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला, तो पुण्यात, बेंगळुरूत आणि न्यूजर्सीत एकाच दिवशी. भाषेची भिंतही खाली आली. कर्नाटकात अनेक दशके दुसऱ्या भाषेतील चित्रपट कन्नडमध्ये भाषांतरित करून दाखवण्यास चित्रपटधंद्याचा कडवा विरोध होता. स्थानिक कलावंतांचे पोट मारले जाईल ही त्यामागची भीती. कन्नड प्रेक्षकांच्या एका संघटनेने या अघोषित बंदीविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे दाद मागितली आणि २०१५ मध्ये आयोगाने निर्णय दिला तो तिच्या बाजूने. त्यानंतर ओटीटीने जे केले त्यापुढे हा वाद मागेच पडला. आता एकाच चित्रपटाच्या पाच भाषा बोटाच्या टोकावर असतात, आणि नागपूरचा प्रेक्षक ‘कांतारा’ आपल्या सवडीने पाहतो.

इतके सारे लाभले, तर मग चिंता कशाची? चिंता आहे ती हिशेबाची. चित्रपटगृहाने तिकिटे मोजली आणि आकडा सर्वांना कळला. दूरचित्रवाणीने अंदाज केला आणि तो अंदाज तरी धंद्याला कळला. ओटीटीची मोजणी या दोहोंपेक्षा कितीतरी अचूक आहे, आणि तीच सर्वांत गुप्त आहे. चित्रपट किती जणांनी पाहिला हे त्याच्या निर्मात्याला बहुधा तेवढेच ठाऊक असते जेवढे मंचाला सांगावेसे वाटते. मंच चित्रपट विकत घेतो तो साधारणपणे दोन-तीन रीतींनी. एक तर ठरावीक वर्षांसाठी ठोक रक्कम देऊन. मग तो लाखाने पाहिला काय नि कोटीने पाहिला काय, निर्मात्याच्या पदरात तेवढेच पडते. दुसरी रीत, जितके तास पाहिला जाईल तितक्या तासांचे पैसे. पण तास मोजणार मंचच. तिसरी रीत, मंचाने स्वतःच पैसा घालून काम करवून घेण्याची. तीत निर्मात्याला खर्च आणि वर थोडा नफा मिळतो, कृतीची मालकी मात्र बहुतकरून मंचाकडे जाते. ठोक रकमेने विकणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती आठवावी. मालाला शहरात काय भाव आला हे त्याला कळले नाही, तर पुढच्या हंगामात तो कशाच्या आधारावर भाव सांगणार?

ही शंका काल्पनिक नाही. अमेरिकेतील चित्रपटलेखकांनी २ मे २०२३ पासून संप पुकारला, तो १४८ दिवस चालला. नटांचा संपही त्याला येऊन मिळाला. मागण्या अनेक होत्या; त्यांतील एक मुख्य मागणी अशी, की दूरचित्रवाणीवर मालिका पुन्हा दाखवली की लेखकाला पुन्हा पैसे मिळत, ते ओटीटीवर जवळजवळ आटले, आणि मालिका किती पाहिली गेली हे सांगायलाही कोणी तयार नाही. अखेर झालेल्या करारात मोठ्या मंचांनी पाहिलेल्या तासांचे आकडे लेखकसंघाला गुप्ततेच्या अटीवर द्यावेत असे ठरले. आणि देशातील वीस टक्के वर्गणीदारांनी पहिल्या नव्वद दिवसांत एखादी कृती पाहिली, तर तिच्या लेखकाला जादा मोबदला द्यावा असेही ठरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नेटफ्लिक्सने अठरा हजारांहून अधिक कृतींचे सहामाही आकडे प्रथमच प्रसिद्ध केले. म्हणजे ज्या गोष्टी सांगता येणार नाहीत असे आधी भासवले जात होते, त्या सांगता येत होत्या. कोणी तरी आग्रह धरण्याची तेवढी गरज होती.

त्या संपाचे दूरचे पडसाद बेंगळुरूतही उमटले. परदेशी चित्रपटांतील आभासी दृश्ये घडवणारे कलावंत या शहरात मोठ्या संख्येने काम करीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा आंतरराष्ट्रीय समूह कोलमडला आणि त्याच्या बेंगळुरू व मुंबई येथील सुमारे तीन हजार माणसांचा रोजगार गेला. समूहाने दिलेल्या कारणांत लेखकांच्या संपामुळे कामाचा ओघ आटल्याचेही एक कारण होते. मंचांनी चढाओढीच्या काळात कामे उदंड दिली, हात आखडता घेतला तेव्हा एकदम घेतला. ज्यांनी दृश्ये घडवली त्यांना ती कोण किती पाहतो याची वार्ता नव्हती. म्हणून येणाऱ्या मंदीची चाहूलही लागली नाही.

लहान भाषांच्या वाट्याला या गुप्ततेचा जाच अधिक येतो. २०२४ च्या जुलैमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘एकम्’ या कन्नड मालिकेची हकिगत या दृष्टीने बोधप्रद आहे. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील सात स्वतंत्र कथांची ही मालिका नट-दिग्दर्शक रक्षित शेट्टी यांच्या संस्थेने पुढे आणली. ती तयार होऊन काही वर्षे पडून राहिली, कारण एकही मोठा मंच ती घेईना. शेवटी कर्त्यांनी स्वतःचे संकेतस्थळ उघडले आणि पैसे भरून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी तेथे ती ठेवली. थोडक्यात, त्यांनी आपली तिकिटाची खिडकी आपणच बांधली. २०२५ मध्ये आमिर खान यांनी ‘सितारे ज़मीन पर’ चित्रपटगृहांनंतर मंचाला न विकता यूट्यूबवर शंभर रुपयांत पाहण्यास ठेवला, त्यातही हाच विचार होता. पण आमिर खान यांचे नाव साऱ्या देशाला ठाऊक आहे. किनाऱ्यावरच्या कथाकाराने बांधलेल्या खिडकीपाशी प्रेक्षकाने यावे कसे, हा प्रश्न उरतोच.

कन्नड मालिका घेण्यास मंच कचरतात, त्याचे कारण ‘मागणी नाही’ असे सांगितले जाते. मागणीचा हा पुरावा मंचाच्याच दप्तरात असल्यामुळे त्याची उलटतपासणी कोणी करू शकत नाही. बेंगळुरूची परिस्थितीही चमत्कारिक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बेंगळुरू नागरी जिल्ह्यात कन्नड मातृभाषा सांगणारे लोक निम्म्याहून काही कमी होते. आपल्याच राजधानीत या भाषेला तमिळ, तेलुगू, हिंदी, मलयाळम आणि इंग्रजी यांच्याशी स्पर्धा करावी लागते. मुंबईत मराठीला जे भोगावे लागते, त्याहून हे निराळे नाही. बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटांना सोयीच्या वेळा मिळाव्यात म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१५ साली आग्रह धरला होता, तो याच कारणासाठी. खेळाची वेळ दिसते, म्हणून ती मागता येते. घरच्या पडद्यावर वेळ नाही. तेथे असते ती मांडणी. कोणते चित्र वरच्या ओळीत ठेवायचे आणि कोणते दहा ओळी खाली ढकलायचे, हे गणिती सूत्र ठरवते. दुकानदाराने एखादा माल ठेवला खरा, पण माळ्यावर ठेवला, तर गिऱ्हाइकाने मागितला नाही असे म्हणण्यात काय अर्थ? युरोपीय संघाने हे ओळखून २०१८ च्या निर्देशात दोन अटी घातल्या: मंचांच्या सूचीत किमान तीस टक्के कृती युरोपीय असाव्यात, आणि त्या ठळकपणे दिसाव्यात. यांतील दुसरी अट पहिलीपेक्षा अधिक शहाणपणाची आहे.

आपल्याकडेही प्रयत्न चालू आहेत. केरळ राज्याने मार्च २०२४ मध्ये ‘सी-स्पेस’ हा स्वतःचा मंच सुरू केला. प्रसार भारतीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’चे उद्घाटन केले. कर्नाटकाच्या विधिमंडळाने जुलै २०२४ मध्ये चित्रपट आणि सांस्कृतिक क्षेत्रातील कामगारांच्या कल्याणासाठी विधेयक संमत केले. त्यात चित्रपटांच्या तिकिटांवर आणि मंचांच्या वर्गणीवर एक ते दोन टक्के उपकर बसवण्याची तरतूद आहे. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात कन्नड चित्रपटांसाठी सरकारी मंच काढण्याची आणि तिकिटाची कमाल किंमत दोनशे रुपये ठेवण्याची घोषणा झाली. किमतीचा नियम सप्टेंबरमध्ये निघाला, आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली.

या उपायांचा हेतू स्तुत्य आहे. परंतु तिकीट स्वस्त केल्याने प्रेक्षक परत येईलच असे नाही, आणि सरकारी मंच काढल्याने तो पाहिला जाईलच असेही नाही; सरकारी गोदामात धान्य साठवणे निराळे आणि लोकांच्या ताटात ते पडणे निराळे. कर्नाटकाच्या उपकराचे महत्त्व मात्र त्यातून जमणाऱ्या रकमेपुरते नाही. वर्गणीवर उपकर घ्यायचा, तर राज्यात वर्गणीदार किती हे मंचाला सांगावे लागेल. करमणूक कराच्या निमित्ताने जसा रोजचा तक्ता तयार होत असे, तसा या निमित्ताने नव्या धंद्याचा पहिला तक्ता तयार होऊ शकेल. त्याच धर्तीवर पुढचे पाऊल टाकणे अवघड नाही. ज्याने चित्रपट घडवला त्याला तो किती जणांनी, कोणत्या प्रदेशात, किती वेळ पाहिला हे ठरावीक मुदतीत कळवणे करारात बंधनकारक करावे. लोकांचे खासगीपण यात भंग पावत नाही; कोणी पाहिले हे विचारायचे नसून किती जणांनी पाहिले एवढेच विचारायचे आहे.

असा हक्क मागणे अवास्तव नाही, कारण त्याचे बीज आपल्या कायद्यात आधीच आहे. २०१२ मध्ये प्रतिमुद्राधिकार कायद्यात दुरुस्ती झाली. तिने असे ठरवले, की चित्रपटातील गीते आणि संगीत यांचा उपयोग चित्रपटगृहाबाहेर जेथे जेथे होईल तेथे गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वधनाचा समान वाटा मिळाला पाहिजे, आणि हा हक्क करार करूनही काढून घेता येणार नाही. ओटीटी हे चित्रपटगृहाबाहेरचेच स्थान आहे. म्हणजे हक्क दिलेला आहे. किती वेळा वाजले आणि किती जणांनी ऐकले हे कळेनासे झाले, तर मात्र तो हक्क कागदावर राहील. हिशेब ठाऊक नसलेल्या हक्काची किंमत आपल्याकडच्या कुळांनी आणि गिरणी कामगारांनी पूर्वी पुरेपूर अनुभवली आहे.

चित्रपटगृहे सारीच बंद होतील असे मानण्याचे कारण नाही. २०२२ मध्ये ‘कांतारा’साठी लोक पुन्हा रांगा लावून उभे राहिले. मोठ्या अंधारात शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर हसण्याची आणि दचकण्याची गोडी इतक्यात सुटणारी नाही. जत्रेचे चित्र चित्रपटगृहात आणि घरगुती चित्र घरी, अशी काही वाटणी होत जाईल असे दिसते. अडचण आहे ती या दोहोंच्या मधल्या चित्रपटाची. मध्यम खर्चाच्या, आपल्या मातीतल्या, नट नवा पण गोष्ट खरी असलेल्या चित्रपटाची. बहुपडदा गृह त्याला सकाळचा एक खेळ देते, आणि मंच म्हणतो, आधी चित्रपटगृहात चालवून दाखवा. कन्नड काय किंवा मराठी काय, आपल्या भाषांचे उत्तम चित्रपट बहुधा याच मधल्या वर्गातून आले आहेत. त्यांना दान नको आहे. आपला प्रेक्षक किती आणि कोठे, एवढे त्यांना समजले, तर पुढचे चित्र काढावे की नाही, काढले तर किती खर्चाचे काढावे, हे ते आपले आपण ठरवतील.

‘सती सुलोचना’ची फीत काळाच्या ओघात नष्ट झाली, तरी ती सहा आठवडे चालली हे लोकांना ठाऊक राहिले. आजच्या चित्रपटांची स्थिती याच्या उलट होण्याचा संभव आहे. त्यांच्या निर्दोष प्रती साठवणयंत्रांत दीर्घकाळ सुरक्षित राहतील. त्या किती जणांनी पाहिल्या, कोणाला रडवले, कोणत्या गावात पुन्हापुन्हा लावल्या गेल्या, हे मात्र परदेशातील एखाद्या कचेरीच्या बंद दप्तरात राहील. ज्या भाषेला आपल्या प्रेक्षकांचा ठाव कळत नाही, तिला आपले बळही कळत नाही. पडदा घरी आला याचा आनंद मानावा. पण त्याच्याबरोबर तिकिटाच्या खिडकीवरचा उघडा हिशेबही आला पाहिजे, अशी मागणी धंद्याने, शासनाने आणि वर्गणी भरणाऱ्या प्रेक्षकांनी करावयास हवी.